फुटबॉल अकादमी : फी कोण भरतो, ते आधी पाहा

लग्नसराई उरकली होती आणि दुकानात जरा उसंत मिळाली होती. त्या आठवड्यात इंदापूरहून आमचे धाकटे बंधू बारामतीला आले. एरवी ते आले की आधी बाजार विचारतात. सुरतेचे भाव काय आहेत, इचलकरंजीचा माल कधी सुटणार, उधारी किती वसूल झाली. या वेळी त्यांनी मोबाईल काढून आमच्यापुढे धरला. म्हणाले, "भाईजान, आपला पोरगा पुण्याच्या फुटबॉल अकादमीत निवडला गेला. हे वाचा."

पोरगा म्हणजे त्यांचा धाकटा. वय बारा, सातवीत शिकतो, पायात चेंडू असला की जेवणाची आठवण राहत नाही. निरोपात वर अभिनंदन होते आणि अभिनंदनाखाली हिशेब होता. राहणे, जेवण, शाळा आणि शिकवणी मिळून वर्षाचे चार लाख ऐंशी हजार. जागा पक्की करायची असेल तर पन्नास हजार आठ दिवसांत, आणि ते परत मिळणार नाहीत. बूट, गणवेश, बाहेरगावच्या स्पर्धांचा प्रवास वेगळा.

बंधूंनी मनाशी बेत केलाच होता. एक मुदतठेव मोडायची आणि ईदच्या सीझनला माल कमी उचलायचा. आमच्याकडे ते सल्ल्यासाठी आले होते की नुसते सांगण्यासाठी, हे आम्हाला अजून कळलेले नाही.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, मराठी आम्ही गल्ल्यावर बसून शिकलो, आणि फुटबॉलला तर आमचा पाय कधी लागलाच नाही. पण माल उचलण्याआधी चौकशी करावी, एवढे पस्तीस वर्षांच्या धंद्याने शिकवले आहे. बंधूंकडून आम्ही ते आठ दिवस मागून घेतले. चौकशीत जे हाती आले ते व्यापारी बंधूंपुढे ठेवतो, कारण असे निरोप आज पुष्कळ घरांत येऊ लागले आहेत. चूकभूल देणे घेणे.

निवड कशाला म्हणावे

पहिली चौकशी आम्ही निवडीचीच केली. चाचणी पुण्यात एका रविवारी होती. नावनोंदणीचे पंधराशे रुपये आधीच भरून घेतले होते. सकाळी मैदानावर दीड-दोनशे मुले. प्रत्येकाच्या छातीवर नंबर चिकटवला, वीस मिनिटे खेळवले, फोटो काढले आणि 'कळवू' म्हणून परत पाठवले. इंदापूर तालुक्यातून चार मुले गेली होती. आम्ही चारही घरी विचारले. चौघेही 'निवडले' गेले होते. त्यातला एक तर त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा स्टडचे बूट घालून उतरला होता.

आपण सुरतेला जातो तेव्हा शंभर साड्या उलगडून पाहतो आणि दहा बाजूला काढतो. नव्वद नाकारल्या म्हणून त्या दहांना निवड म्हणायचे. शंभरच्या शंभर बांधायला सांगितल्या तर दुकानदार खूश होईल, पण त्याला कोणी निवड म्हणणार नाही. ज्या चाचणीत कोणी नापास होत नाही, ती चाचणी मुलाची नसून बापाच्या खिशाची आहे, असे आम्ही बंधूंना सांगितले. त्यांना ते आवडले नाही.

सूत कोणाचे, मजुरी कोणाची

आता मूळ गोष्टीकडे येतो. मालेगाव-भिवंडीकडचे बंधू जाणतात, यंत्रमागावर दोन तऱ्हेने काम चालते. एक, व्यापारी सूत देतो आणि मागवाला मजुरीवर कापड विणून देतो. दोन, मागवाला स्वतःच सूत घेतो, विणतो आणि गिऱ्हाईक शोधत बसतो. पहिल्यात माल विकला जाण्याची चिंता सूत देणाऱ्याला असते. म्हणून तो सूत देताना माग पाहतो, कारागीर पाहतो, सगळे पारखून घेतो. ज्याचा पैसा अडकतो, तोच नीट निवडतो.

फुटबॉलमध्ये तंतोतंत हेच आहे. इंग्लंडातल्या प्रीमियर लीगचे क्लब नऊ वर्षांच्या आतल्या गटापासून मुले आपल्या अकादमीत नोंदवतात, आणि निवडलेल्या मुलाच्या घरच्यांकडून शिकवणीची फी घेत नाहीत. हा धर्मादाय नव्हे. उद्या मूल मोठा खेळाडू झाले तर तो क्लबचा माल आहे. दुसऱ्या क्लबला द्यायचा तर मोठी रक्कम घेता येते. जागतिक संघटना फिफाचा नियमच आहे, की तरुण खेळाडू पहिला व्यावसायिक करार दुसऱ्या देशात करतो किंवा पुढे देश बदलतो, तेव्हा १२ ते २१ या वयात ज्या ज्या क्लबांनी त्याला शिकवले त्यांना शिकवणीची भरपाई मिळावी. पुढे तो परदेशी विकला गेला, तर किमतीतले पाच टक्के लहानपणच्या क्लबांत वाटले जातात. एवढी वसुलीची सोय असल्यावर सूत देणारे पुढे येणारच. अर्थात बहुतेक मुले तिथेही वाटेतच गळतात, पण गळतात तेव्हा बापाची मुदतठेव मोडलेली नसते.

आपल्याकडे खेळाडूंची अशी खरेदी-विक्री फार थोडी. मुलगा तयार करून विकून पैसा निघेल, ही आशा अकादमीवाल्याला नसते. मग त्याचे मैदानाचे भाडे, शिक्षकाचा पगार, वसतिगृहाचे धान्य कोठून निघणार? पालकांच्या फीतून. म्हणजे त्याचे गिऱ्हाईक मुलाला विकत घेणारा क्लब नसून मुलाचा बाप आहे. यात लबाडी असतेच असे नाही. शिवणक्लास चालवणारीही फी घेते आणि प्रामाणिकपणे शिकवते. मात्र ती कोणाला 'तू निवडली गेलीस' म्हणत नाही.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही ही रड आहे. तिथे पोरांचा फुटबॉल बहुतांशी पालकांच्या फीवर चालतो आणि चांगल्या क्लबात वर्षाला हजारो डॉलर मोजावे लागतात. २००७ साली तिथल्या राष्ट्रीय संघटनेने निवडक मुलांसाठी 'डेव्हलपमेंट अकादमी' म्हणून मोठी योजना काढली. बड्या व्यावसायिक क्लबांनी त्यात मुलांना हळूहळू फुकट केले, पण इतर अनेक ठिकाणी फी राहिलीच. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या काळात, संघटनेने ती योजना एका फटक्यात बंद केली. मुंबईत जन्मलेला नमित देशपांडे हा मुलगा असाच अमेरिकेत वाढला, तिथे खेळला आणि तिथून २०१७ च्या भारतीय संघात आला.

फुकटची दारे

त्या २०१७ सालाविषयी थोडे. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, नवी मुंबईतही सामने झाले. त्याआधी १५ सप्टेंबरला महाराष्ट्र सरकारने एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा कार्यक्रम केला आणि शाळाशाळांत चेंडू वाटले. आपल्या बारामती-इंदापूर भागात कुस्ती, कबड्डी, खो-खो आणि अर्थातच क्रिकेट. फुटबॉल हा कोल्हापूरचा खेळ. तिथे तालमीतालमींचे संघ आहेत, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, आणि त्यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरते. आमच्या पुतण्याने पहिला चेंडू शाळेच्या कपाटातलाच मारला.

त्या विश्वचषकात भारताकडून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. वडील रिक्षाचालक. घरच्या पैशाने अकादमी परवडण्याचा प्रश्नच नव्हता. मुलगा शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत पुण्याला बालेवाडीला आला, तिथून पुणे एफसी या क्लबाच्या अकादमीत गेला, तिथून देशाच्या शिबिरात. पुढे तो जमशेदपूर आणि हैदराबादकडून इंडियन सुपर लीग खेळला. या वाटेवर ज्याने त्याने त्याच्यावर पैसा घातला तो आधी पारखून घातला. बंधूंना आम्ही हे उदाहरण दोनदा सांगितले.

क्रीडा प्रबोधिनी ही योजना महाराष्ट्र शासनाने १९९६ साली सुरू केली. राहणे, जेवण, शाळा, प्रशिक्षण, साहित्य, सर्व शासनाचे. आठ ते चौदा वयाच्या मुलांची निवड तालुका-जिल्ह्यापासून चाळत वर नेतात. चाचण्या नऊ आहेत. उंची, वजन, अंगाची लवचिकता, उभ्याने लांब उडी, उभ्याने वर उडी, ३० मीटर धाव, १० मीटरच्या सहा ये-जा, मेडिसीन बॉल फेकणे आणि ८०० मीटर धाव. यात चेंडू कुठे आहे, असे आम्हीही विचारले. चेंडू नाहीच. आधी अंगकाठी पाहतात आणि कोणत्या खेळाला योग्य ते मागाहून ठरते. तुम्ही फुटबॉल म्हणून पाठवाल आणि ते दुसराच खेळ सुचवतील, याची तयारी हवी. याशिवाय खेळात आधीच नाव काढलेल्यांना कौशल्याच्या जोरावरही प्रवेश असतो. जाहिरात जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून निघते आणि शाळेच्या फलकावर दोन दिवस लटकून गळून पडते. तिच्यावर नजर ठेवावी लागते.

कंपन्यांचीही दारे आहेत. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ पासून. गोव्याचा महेश गवळी तिथेच तयार झाला आणि भारताच्या बचावफळीचा खांब झाला. गोव्यात सेसाची अकादमी १९९९ पासून. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची 'यंग चॅम्प्स' २०१५ पासून, पूर्ण शिष्यवृत्तीवर, शाळेसकट. येथे हजारो मुलांतून मूठभर घेतात, म्हणून नाकारले जाण्याची शक्यताच जास्त. पण नाकारतात, हीच त्यांची सचोटी समजावी.

पाटी मोठी, दुकान बंद

बंधूंचा मुख्य मुद्दा होता, की या अकादमीचे नाव मोठे आहे आणि विलायतेच्या क्लबाची पाटी आहे. पुण्याचाच इतिहास आम्ही त्यांच्यापुढे ठेवला. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला. मागे पिरामल घराणे, अकादमी देशात नावाजलेली. २०१५ मध्ये क्लब बंद झाला. अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली, तो क्लब २०१९ मध्ये संपला आणि त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबाद आले. डीएसके समूहाने लिव्हरपूलच्या नावाने पुण्यात निवासी अकादमी थाटली होती. त्यांचा डीएसके शिवाजियन्स संघ २०१७ नंतर आय-लीगमध्ये राहिला नाही आणि समूहच आर्थिक संकटात सापडला. हे सगळे दहा-बारा वर्षांच्या आत. बारा वर्षांचा मुलगा अठराचा होईतो अकादमी जागेवर असेल की नाही, हेच जर सांगता येत नसेल, तर आगाऊ वर्षाचे पैसे कोणत्या भरवशावर मोजायचे?

आणि शेवटी माल कुठे विकायचा? २०२५ साली करारांच्या घोळामुळे इंडियन सुपर लीगचा हंगाम ठरल्या वेळी सुरूच झाला नाही. बेंगळुरू एफसीसारख्या क्लबाने त्या ऑगस्टमध्ये पहिल्या संघाचे पगार थांबवले. वरच्या पेठेत ही स्थिती, मग खालच्या पायरीवरच्या पोराने कोणाकडे पाहावे? या सगळ्या उलाढालीत नक्की कमावतो तो जर्सीचे कापड विकणारा. पॉलिस्टरची छापील जर्सी, गावोगावच्या मंडळांकडून मागणी, नगदी व्यवहार. आम्हीही विकतो. खोटे कशाला बोला?

फुकटाचा खर्च

फुकट म्हणजे शून्य खर्च, असे कोणी समजू नये. इंदापूरहून सोलापूर रस्त्याने हडपसर, तिथून शहर ओलांडून बालेवाडी. सकाळी सातला मैदानावर हजर राहायचे तर आदल्या रात्री निघायचे. मुलगा बारा पुरे करीपर्यंत एसटीत अर्धे तिकीट. आईला २०२३ पासून महिलांची अर्ध्या भाड्याची सवलत आहे, म्हणून आमच्याकडे आता चाचणीला बाप जात नाही, आई जाते. दुकानही उघडे राहते. तरीही तिकिटे, रिक्षा, खाणे धरून एक फेरी हजाराच्या आत बसत नाही. चांगले बूट घ्यावेत आणि मुलाचा पाय सहा महिन्यांत वाढावा. पैलवान मुलाच्या घरी दूध-बदामाचा खुराक लागतो तसा येथे अंडी-दूध-केळ्यांचा लागतोच.

खरा खर्च कागदांचा आहे. वयाच्या गटात खेळायचे तर वय सिद्ध करावे लागते. आमच्या पिढीचे बरे होते. मास्तरांनी शाळेत घालताना सगळ्यांना १ जून ही जन्मतारीख देऊन टाकली. आमचीही तीच आहे, बंधूंचीही तीच आहे, आम्मीने मात्र एकाला पावसाळ्यात आणि एकाला थंडीत जन्म दिला. आता ते चालत नाही. जन्माचा दाखला, आधार आणि शाळेचे बोनाफाईड, तिन्हींवर नाव अक्षराला अक्षर जुळावे लागते. आमच्या पुतण्याच्या दाखल्यावर 'मो.', आधारवर 'मोहम्मद', शाळेत 'महंमद'. हे सरळ करायला नगरपालिका, आधार केंद्र आणि शाळा मिळून सात हेलपाटे झाले. व्यापारी बंधूंनी हे काम मूल खेळो न खेळो आजच करून टाकावे. जन्माची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते. वर्ष उलटून गेले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत गोष्ट जाते.

कागदावर भागत नाही म्हणून फुटबॉल संघटना मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहतात. मोठा मुलगा लहान गटात घुसवण्याची खोड आपल्या देशात जुनी आहे, तिच्यावर हा उपाय. कोणी सांगितले की 'दोन वर्षे कमी करून देतो', तर त्याला दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवावे. एक्स-रेत सापडले की मुलावर डाग बसतो.

आणखी एक बारीक गोष्ट एका क्रीडाशिक्षकांनी समजावली. गट १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात, पण बाराव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे चार बोटे उंची आणि हातभर ताकद. जगभर असे दिसून आले आहे, की निवड होणाऱ्यांत वर्षारंभी जन्मलेली मुले जास्त असतात. आमचा पुतण्या नोव्हेंबरचा. तो चाचणीत मागे पडला तर खेळात कमी असेलच असे नाही, त्याचे अंग अजून भरायचे आहे. हे ऐकून बंधूंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा समाधान दिसले.

बंधूंना आमचा सल्ला असा होता. पन्नास हजार भरू नयेत. शाळेकडून शासकीय स्पर्धा खेळवाव्यात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ती शिडी आहे, १९६० पासून चालत आलेल्या सुब्रतो चषकालाही शाळेकडूनच जाता येते. या स्पर्धांत वर गेले तर नियमाप्रमाणे दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत आणि पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा. त्या वाटेवरच मुलगा कोणाच्या तरी नजरेत येतो. शिकवणी हवीच असेल तर जवळपासच्या चांगल्या शिक्षकाला महिन्याची फी खुशाल द्यावी. मुलगा घरी राहतो, शाळा सुटत नाही, पटले नाही तर पुढच्या महिन्यात बंद.

आठ दिवसांची मुदत संपली. बंधूंनी पैसे भरले नाहीत. नवव्या दिवशी अकादमीचा फोन आला, जागा अजून आहे आणि दहा हजारांची सूटही मिळेल. बंधू हसले. म्हणाले, "भाईजान, पंधरा तारखेपर्यंत थांबलो तर वीस मिळेल." पोरगा मात्र हसला नाही. दोन महिने तो आमच्याशी बोलला नाही. बारामतीला आला तरी दुकानात न येता बाहेर ओट्यावर बसून राही. त्याच्या लेखी बडेअब्बांनी त्याचा फुटबॉल मोडला होता, आणि त्या वयात आम्हालाही तसेच वाटले असते.

मग प्रबोधिनीच्या चाचण्यांची जाहिरात निघाली. तालुक्याला तो पास झाला. जिल्ह्याला धावला चांगला, ८०० मीटरला तर पुढच्या पाचांत होता, पण उंचीत आणि मेडिसीन बॉलला गुण गेले. यादीत नाव आले नाही. रात्री आईबरोबर परतला तेव्हा रडला असेल, आम्हाला कोणी सांगितले नाही.

पुढच्या आठवड्यात तो स्वतः दुकानात आला आणि आमचा कापड मोजायचा जुना लोखंडी मीटर मागू लागला. शाळेच्या मैदानावर ३० मीटर मोजून चुन्याची रेघ मारायची आहे, म्हणाला. अजून एक वर्ष वयात बसतो. मीटर इंदापूरला गेला तो परत आलेला नाही. आम्ही दुसरा विकत आणला.